शोल्डर प्रेसचा बेंच: नव्वदवर, की एक भोक मागं?

कृष्णाकाठी
काल सांगलीतल्या जिमवाल्यांच्या गटात एक पोस्ट फिरली. म्हणे, बसून शोल्डर प्रेस मारताना, म्हणजे वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलताना, बेंचची पाठफळी नव्वद अंशात सरळ उभीच हवी, पाठ पूर्ण चिकटलेली, कमरेमागं हात जाता कामा नये, बाकी सगळी चीटिंग. खाली नुसते अंगठे आणि 'बरोबर सर'. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

नव्वदला पाठ टेकून बसा आणि रिकामा बार हनुवटीपासून वर न्या. तोंड मध्ये येतं. उभं असताना आपण डोकं जरा मागं घेतो, इथं मागं फळी. मग बार नाकाला वळसा घालून पुढून जातो, नाहीतर बूड पुढं सरकतं आणि कंबर वाकते. ज्या कमानीची साहेबांना भीती, ती त्यांचा नव्वदच आणतो. ७५ ते ८० ठेवा, बऱ्याच बेंचवर ते सरळपासून एक भोक (कोन बदलायची पिन जाते ते) मागं येतं. ६० ला आलात की काम छातीच्या वरच्या भागाकडं जातं, तो इन्क्लाइन झाला, छातीचा व्यायाम. सीट पुढून एक खाच वर, म्हणजे घसरत नाही. तळपाय पूर्ण टेकलेले. कोपरं अगदी बाजूला न उघडता तीसेक अंश पुढं, कारण खांद्याचं पातं त्याच दिशेला बसलेलं असतं. आणि कमरेमागं थोडी पोकळी राहणारच, मणक्याची ठेवणच तशी आहे. ती पुसायला निघालेल्यांना काय म्हणावं!

ट्रेनर_विश्रामबाग
पोस्ट माझी नाही, पण त्याच्या बाजूनं बोलतो. तुम्ही 'एक भोक मागं' म्हणता, पोरं तीन भोकं जातात. संध्याकाळच्या बॅचला येऊन बघा. जवळजवळ आडवं होऊन डंबेल ढकलतात आणि सांगतात काय, आज शोल्डर डे. नवख्याला नव्वद सांगितलं तर तो ऐंशीवर थांबतो. ऐंशी सांगितलं तर पन्नास. घरी बसून लिहायला काय जातंय.

कुपवाडची_पिन
भोक भोक काय लावलंय? आमच्या जिमचा बेंच एका फॅब्रिकेटरनं बनवलाय. फळीवर मोबाईल ठेवून कोन मोजला. पहिलं भोक ८६, दुसरं थेट ६४. मध्ये काहीच नाही. मूळ पिन कधीच वाकली, आता तिथं सळईचा तुकडा आहे. बार टांगायच्या रॅकचे हूक इतके मागं वेल्ड केलेत की बार काढतानाच खांदा उलटा पिळवटतो. मालकाला सांगितलं तर म्हणतो, याच बेंचवर पोरं तयार झालीत. फी मात्र दर दिवाळीला वाढते. सोडतोय की काय!

हौदातला
बसून खांदा मारायचा हेच आधी कळंना. आम्ही तालमीत जोर मारले, मुद्गल घुमवले. कुणाचा खांदा गेलेला बघितला नाही. उभं राहून मारा, बेंचचा प्रश्नच मिटला.

मिरज_जंक्शन
अण्णा, खांदा गेलेला बघितला नाही? आमच्या मिरजेत हाडांच्या दवाखान्यात बाकावर बसून बघा एकदा, पैलवान भेटतील. मी स्वतः एका वस्तादांशेजारी नंबर लावून बसलोय, त्यांना शर्टाची बाही चढवता येत नव्हती. आणि उभ्याचं एवढं कौतुक असेल तर ऐका, ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये उभ्यानं प्रेस होती, १९७२ च्या म्युनिकनंतर काढून टाकली. गडी कमरेतून इतके मागं वाकायचे की पंचांना प्रेस कुठली आणि फाऊल कुठला ठरवता येईना.

हौदातला
ऑलिंपिकचं मला सांगू नको. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य आणलं ते काय खुर्चीत बसून?

मिरज_जंक्शन
बरं झालं नाव काढलं. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो मारले, १३९ ला उजवं कोपर दुखावलं, आणि दोन्ही प्रकार मिळून २४८ विरुद्ध २४९, एका किलोनं सुवर्ण गेलं. उभ्यानं दुखापत होत नाही हे कुठल्या पोथीत लिहिलंय?

कृष्णाकाठी
अहो तो जर्क! पायाच्या झटक्यानं बार उडतो आणि लिफ्टर त्याखाली शिरतो. प्रेसमध्ये पाय हलवायचेच नसतात. दोघांनीही त्या पोराला मधे ओढू नका. बेंचवर बोला.

हौदातला
तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून अंगाला माती लावतोय. बेंचवर बोला म्हणे. लाकडाच्या फळीवर काय बोलायचं?

मिरज_जंक्शन
लाकडाची नाही, रेक्झिनची. तेवढं तरी बघून बोला.

पाय_पुरेना
झालं का सगळ्यांचं? माझी उंची ४ फूट ११ इंच. सीटवर बसले की टाचा अधांतरी. कोन ७५ लावा नाहीतर ९०, पायाला जमीन नसली की वजन वर जाताना कंबर उचलतेच. पायाखाली २०-२० च्या प्लेटा ठेवल्या तेव्हा कुठं पाठ टेकली. डंबेल गुडघ्याच्या धक्क्यानं खांद्यापर्यंत आणायचे तर तिथंही पायाला आधार लागतो. आमचे ट्रेनर म्हणाले, 'मॅडम, प्लेटा जागेवर ठेवा.' तुम्ही सगळे म्युनिकला जाऊन आलात, पायांबद्दल एवढ्यात एकच ओळ.

ट्रेनर_विश्रामबाग
ताई, तुमचं खरंय. बुटक्या माणसाला आधी पायाखाली काहीतरी द्यायला पाहिजे, कोन नंतर. फक्त प्लेटा परत ठेवत जा. तुम्ही ठेवत असाल, बाकीचे सोडून जातात आणि ठेचकाळतो मी.

कुपवाडची_पिन
८६ की ६४ ते कुणी सांगेना अजून.

कृष्णाकाठी
८६ ला बसून डंबेल मार. ते तोंडाच्या दोन्ही बाजूंनी वर जातात, नाक मधे येत नाही, शिवाय त्या हुकांशी झटापट नाही. ६४ ला मारायचं तर छातीच्या दिवशी मार.

ट्रेनर_विश्रामबाग
म्हणजे नव्वदच्या जवळ चालतं तर! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कृष्णाकाठी
काढा की. डंबेलला चालतं, आणि तुमची पोरं तीन भोकं मागं जातात हेही मान्य. कमरेमागं हात जाता कामा नये हे तरीही चूकच. तोही स्क्रीनशॉट पोस्टवाल्याला पाठवा.

हौदातला
बसा, मोजत बसा कोन. रविवारी पहाटे साडेचारला तालमीत या, मुद्गल हातात देतो, मग बोलू.

कुपवाडची_पिन
साडेचार? राहू दे अण्णा, ८६ च बरं.