बाळाच्या हृदयाला छिद्र आणि घरात नवसांची यादी

गोदाकाठी:
माझ्या चुलतबहिणीला महिन्यापूर्वी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज, ऐकू आली. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, व्हीएसडी म्हणतात ते. छिद्र मध्यम आहे, काही आपोआप बुजतात, वजन वाढतंय का बघू, पुन्हा एको करू, असं सांगून घरी सोडलं. घरी यादी तयारच होती: सप्तशृंगीची ओटी, आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला बाळाच्या वजनाइतके पेढे आणि त्र्यंबकला नारायण नागबळी.

इथवर माझं काही म्हणणं नाही. पण बारशाला आलेल्या बायकांसमोर सासूबाईंनी विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" बाळाच्या हृदयाची घडण गर्भाच्या साधारण पहिल्या आठ आठवड्यांत होऊन जाते. तोवर पुष्कळ घरांत गोड बातमीसुद्धा सांगितलेली नसते. मग सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाने छिद्र कसं पडेल? हजारात आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. कारण सापडलं नाही की ते आईच्या पदरात टाकायचं, ही आपली रीत. देवाचा कोप म्हटला की कुणाच्या तरी हातून चूक झालेली असावीच लागते. अशा घरात बाळंतिणीला "देवावर विश्वास ठेव" हे सांगणंही बंद करावं, असं माझं मत आहे.

मखमलाबादकर:
सासूबाई चुकल्या, पण खापर देवावर कशाला? माझ्या मुलीला टेट्रालॉजी होती, म्हणजे रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो असा हृदयाचा जन्मजात दोष. रडता रडता ओठ जांभळे पडायचे. तसं झालं की तिचे गुडघे छातीशी दाबून धरायचे, हे डॉक्टरांनी शिकवलेलं. बायको तिला तशी धरून बसायची आणि मी शेजारी मोठ्याने रामरक्षा म्हणायचो, कारण माझे हात थरथरायचे आणि दुसरं काही सुचायचं नाही. वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं सांगितलेलं. मधले महिने कसे काढायचे हे कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं असतं? एकही तपासणी चुकवली नाही, एकही शनिवार मारुतीचा चुकवला नाही. ऑपरेशन मुंबईत झालं. पोरगी आता सहावीत आहे, तोंड वर करून उत्तरं देते.

फटकळ:
रामरक्षेने तुमचे हात स्थिरावले, मान्य. पण श्रेय कोण घेतं ते बघा. लहान छिद्रं पुष्कळदा आपली आपण बुजतात. ती बुजली की देव पावला. आणि मोठ्या रक्तवाहिन्याच उलट जोडलेल्या असल्या तर? गर्भात उघडी असलेली एक वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटते, आणि अशी बाळं बऱ्याचदा तिच्यावरच तगलेली असतात. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप लागते आणि पहिल्या काही आठवड्यांतच ऑपरेशन. तिथे 'आधी गडावर जाऊन येऊ' म्हणालात तर नवस फेडायला बाळ उरत नाही. आणि बाळ गेलं की 'तुमचीच श्रद्धा कमी पडली' म्हणणारे हजर. चित भी मेरी, पट भी मेरी!

वणीची_लेक:
फटकळराव, तुम्ही कधी पाचवी पूजली आहे का? आमच्या नातवाची आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर पूजली. पाटा-वरवंटा कुठून आणणार? हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन, झालं. त्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणतात. सून म्हणाली, "आई, पेन चालतंय ना बघा एकदा." आम्ही दोघी इतक्या हसलो की वॉचमन उठून आला. यात कुणी कुणाला काय विकलं?

नातू चार महिन्यांचा असताना वारला. सुनेला कुणी वावगा शब्द बोललं नाही, मी बोलू दिलं नाही. ती अजून चैत्रात माझ्याबरोबर गडावर येते. का येते ते मी विचारलेलं नाही.

सिस्टर_नाशिकरोड:
नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. अंगारा बाळाच्या जिभेला, कपाळाला लावू देत नाही. पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीला बाहेरून चिकटवते, मग आजीही खूश आणि डॉक्टरही. वाद घालायला तेव्हा वेळ नसतो.

वाचणाऱ्यांनी एवढं करा. घरी सोडण्याआधी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायला सांगा, काही मिनिटांचं काम आहे. बाळ पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, अर्धवट सोडून झोपतं, वजन धरत नाही, असं असेल तर देवळाआधी दवाखाना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीताईंना किंवा सिव्हिलमध्ये विचारा. लोक दागिने मोडून झाल्यावर विचारतात.

फटकळ:
मावशी, तुमच्याशी माझा वाद नाही. पण प्रत्येक सुनेला तुमच्यासारखी सासू मिळत नाही, आणि धागा त्या बाकीच्यांबद्दल आहे.

मखमलाबादकर:
मग धाग्याचं नाव 'सासूचं काय करायचं' असं ठेवा. देवाला कशाला ओढता?

गोदाकाठी:
कारण सासूबाई स्वतःचं नाव पुढे करत नाहीत, देवाचंच करतात! वणीच्या मावशींचं वाचून बरंच काही वाटलं, पण मत बदललेलं नाही. त्यांच्या घरात श्रद्धेला आवरायला त्या स्वतः होत्या. आमच्याकडे तसं कुणी नाही.

सिस्टर, तुमचा निरोप बहिणीला पाठवलाय. आता नवीनच पेच आहे. नारायण नागबळीचे तीन दिवस नेमके एकोच्या तारखेवर येतायत. मेव्हणा म्हणतो गुरुजींना तारीख बदलायला सांगू, सासूबाई म्हणतात डॉक्टरांना सांगा. आज रात्री जेवताना यावरून जुंपणार आहे, आणि मी न बोलावता जाणार आहे.