सरकत्या जमिनीवर घर बांधू द्यावे का?

प्रस्ताव

दरडप्रवण उतारावर किंवा खचणाऱ्या जमिनीवर बांधकाम करायचे असेल, तर भूवैज्ञानिकाचा अहवाल जोडा, एवढ्यावर अनेक स्थानिक नियम थांबतात. माझ्या मते हे पुरेसे नाही. काही जमिनींवर राहते घर बांधताच येणार नाही, असे नियमात स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा केला आणि सक्रिय भ्रंशरेषेवर, म्हणजे भूकंपात जमीन जिथे तुटून सरकते त्या रेषेवर, वस्तीच्या इमारती उभारण्यास मनाई केली. घर रेषेपासून साधारणपणे ५० फूट दूर घ्यावे लागते. पायाखालची जमीनच दुभंगली तर पाया कितीही भक्कम असून उपयोग नाही, हे त्या कायद्याने ओळखले.

उतारांबाबत मात्र हा ठामपणा दिसत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओसो येथे २२ मार्च २०१४ रोजी डोंगर कोसळून ४३ माणसे दगावली. तोच डोंगर २००६ मध्येही घसरला होता आणि १९९९ च्या एका अहवालात मोठी पडझड होऊ शकते असे नोंदवलेले होते, तरीही तेथे नवी घरे झाली. ही घरे उतारावर नव्हतीच, ती नदीपलीकडच्या सपाट काठावर होती. चिखलाचा लोंढा नदी ओलांडून एक किलोमीटरहून पुढे गेला. पायथ्यापासून काही मीटर जागा सोडण्याच्या नियमाने तेथे कोण वाचले असते?

विरोधी मत

आपली कळकळ पटते, पण बंदी शेवटी नकाशावरच्या रेघेने ठरते आणि ती रेघ किती जाड असते याचा विचार व्हायला हवा. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर ती जमिनीवर साडेबारा मीटर रुंद होते. तेवढ्यात एक अख्खे घर बसते. माझा लहानसा भूखंड अशाच एका रेघेखाली गेला असून, प्रत्यक्ष जागेवर एकही छिद्र घेऊन माती तपासलेली नसताना मला परवाना नाकारला गेला.

हाँगकाँगने वेगळी वाट धरली. १८ जून १९७२ या एकाच दिवशी तेथे दोन मोठ्या दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली आणि १९७६ मध्ये पुन्हा तसेच घडले. त्यानंतर १९७७ मध्ये उतारांसाठी स्वतंत्र तांत्रिक कार्यालय स्थापन झाले. भराव, आधारभिंती आणि पाण्याचा निचरा यांची तपासणी तेव्हापासून सातत्याने होते, आणि लोक आजही डोंगरउतारावर राहतात. उलट कॅलिफोर्नियातील रँचो पालोस व्हर्डेस शहराने १९७८ मध्ये भूस्खलनाच्या पट्ट्यात बांधकामबंदी घातली, आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने १६ भूखंडांच्या मालकांच्या बाजूने निकाल देऊन ही बंदी म्हणजे मालमत्ता हिरावून घेणे आहे, असे ठरवले.

प्रस्तावकाचे उत्तर

त्या शहराचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. मुसळधार पावसानंतर २०२४ मध्ये त्या भूस्खलन-परिसरात जमीन काही ठिकाणी आठवड्याला सुमारे एक फूट सरकू लागली, आणि अनेक घरांचा गॅस आणि वीज तोडावी लागली. न्यायालयातला वाद होता तो सुरक्षा गुणकाचा, म्हणजे उताराला धरून ठेवणारे बळ आणि त्याला खाली ओढणारे बळ यांच्या गुणोत्तराचा. गुणक १ झाला की उतार सुटण्याच्या बेतात असतो, म्हणून शहराने १.५ मागितला होता. उन्हाळ्यात मोजलेला गुणक पावसाळ्यात टिकत नाही, कारण मातीच्या कणांमध्ये पाण्याचा दाब वाढला की त्यांची एकमेकांवरची पकड ढिली होते. प्रत्येक नवे घर आपला शोषखड्डा आणि बागेचे पाणी त्याच उतारात मुरवते, त्यामुळे धोका फक्त मालकापुरता राहत नाही. खालच्या घरालाही तो पोहोचतो. हाँगकाँगमध्ये कायमचे कार्यालय आहे. ज्या गावात एकच अभियंता रस्ते, नळ आणि परवाने सांभाळतो, तेथे ती तपासणी कोण करणार?

तिसरे मत

दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे: अहवाल लिहिणाऱ्याला पैसे मालक देतो. शुल्क मालकाने स्थानिक संस्थेत भरावे आणि भूवैज्ञानिकाची नेमणूक त्या संस्थेने करावी.

विरोधी मत, पुन्हा

ही सूचना मला मान्य आहे. शोषखड्ड्याचा मुद्दाही मी मान्य करतो. माझ्या पाण्याने खालच्या शेजाऱ्याची भिंत तडकावी असे मला मुळीच वाटत नाही. मात्र बंदीचा भार एकट्या मालकाने का वाहावा? न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात २०१०-११ च्या भूकंपांनंतर सरकारने वस्तीस अयोग्य ठरलेल्या पट्ट्यांतील हजारो घरे विकत घेण्याची तयारी दाखवली, पण मोकळ्या भूखंडांना जमिनीच्या जुन्या मूल्यांकनाच्या निम्माच भाव देऊ केला. हा निर्णय योग्य रीतीने झालेला नाही, असे म्हणायला तेथील सर्वोच्च न्यायालयाला २०१५ उजाडावे लागले. इतकी वर्षे कर भरत राहून वाट पाहणे साध्या कुटुंबाला झेपत नाही. बांधकामबंदीच्या ठरावातच पूर्ण भावाने खरेदीची तरतूद आणि तिची मुदत लिहिली, तर माझा भूखंड मी स्वतःहून संस्थेच्या हवाली करीन.