अनुभव धागा: काळ्या बाटलीच्या जागी घरचं काय आलं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास घुटमळायला लागला की बाहेरून आलेला माणूस आधी फ्रिज उघडतो. गार, आंबटगोड जे हाताला लागेल ते पोटात जातं. आमच्याकडे तिथे कोल्ड्रिंकची मोठी बाटली असायची, आता नसते. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. पाककृती नेटवर ढिगाने आहेत, त्या नकोत. बाटली खरंच सुटली का, कशाने सुटली, पोरांनी कुठे नाक मुरडलं, ते हवं. 'आरोग्यास उत्तम' एवढंच लिहायचं असेल तर पुढचं घर गाठा.

माझ्यापासून सुरुवात करते. पन्हं सगळेच करतात हो, पण आयत्या वेळी करायला गेलं की कुकर लावा, गर काढा, गूळ विरघळवा. तोवर पोरगा सायकल काढून कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलेला. म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे कैरी स्वस्त असते तेव्हाच चार-पाच किलो उकडून टाकते. गर गाळायचा, त्यात गराहून थोडा जास्तच गूळ, वेलची, भाजलेलं जिरं, सैंधव, आणि सगळं बर्फाच्या ट्रेमध्ये. गुळामुळे वडी दगडासारखी घट्ट होत नाही, चमच्याच्या टोकाने उचकटून निघते. पेल्यात दोन वड्या, वर माठाचं पाणी, ढवळलं की झालं. वेगळा बर्फ लागत नाही, त्यामुळे शेवटचा घोटही पाणचट लागत नाही. पोरगा आता स्वतःच करून घेतो. बाटली सुटली ती चवीमुळे नाही, दुकानापेक्षा ट्रे जवळ आहे म्हणून.

यावलकर

ताई, आमच्याकडे म्हणाल तर घरात घडच्या घड केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले. पण तिचं सरबत काही होत नाही भो! पाणी घालून फिरवली तर लापशी होते, गाळायला गेलं तर गाळणीवरच बसून राहते. दूध-केळं वेगळं, ते जेवण झालं. तहानेला आम्ही केळीवाले लिंबूच पितो.

धुळ्याचा होस्टेलवाला

सगळे गोडावर बोलतील म्हणून आधीच सांगतो. मला बाटलीतलं गोड नकोच असायचं, नाकात जाणारी झिणझिण हवी असायची. पन्ह्याने ती कशी भागणार? मग साधा सोडा आणायला लागलो. त्यात साखर नसते. कोल्यात शंभर मिलीला साडेदहा-अकरा ग्रॅम असते, बाटलीवर छापलेलंच आहे. म्हणजे ३०० मिलीत सहा चमचे तरी झाली. ग्लासात तळाशी लिंबाचा रस, काळं मीठ, आलं ठेचून त्याचं पाणी, चमचाभर साखर. हे आधी ढवळून घ्यायचं आणि सोडा सगळ्यात शेवटी, ग्लास तिरका धरून कडेने सोडायचा. नंतर चमचा फिरवला की गॅस उडालाच. सोडा चांगला गार हवा, कोमट पाण्यात गॅस टिकत नाही.

कुणी खाण्याचा सोडा चिमूटभर टाकायला सांगतात. फेस येतो खरा, पण तो लिंबाचा आंबटपणा मारूनच येतो. मागे उरते खारट, साबणासारखी चव. बीपीवाल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

पारोळ्याची माहेरवाशीण

चिंच, गूळ, मीठ, पाणी. बस्स. आजी बाटलीला म्हणायची, "हाई ते नुसतं रंगनं पानी शे." घरात कधी बाटली आलीच नाही, त्यामुळे सुटायचा प्रश्न नाही.

पाचोऱ्याजवळचा मोसंबीवाला

बाग आमचीच, म्हणून स्पष्ट लिहितो. मोसंबीचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवायचा बेत करू नका. काही तासांत कडू होतो, आणि बिया किंवा आतली पांढरी साल मिक्सरमध्ये गेली तर पहिल्या घोटापासून. काढायचा आणि उभ्या उभ्या प्यायचा.

दुसरं, घरचं म्हणजे कितीही चालतं हा समज काढून टाका. एका मोठ्या पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी सोलून एका बैठकीत कोण खातं? पिताना मात्र कळतही नाही. वडिलांना शुगर आहे. त्यांच्या डॉक्टरांनी रस बंद केला, फळ चालू ठेवलं. बागवाल्याच्या घरात ही शिक्षा! ते आता ताकावर आहेत आणि रोज कुरकुरतात.

धडगावचा मास्तर

इकडे उन्हाळ्यात दारोदारी कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात, आमचुरासाठी. कुटून पावडर करण्याआधीच्या त्या सुक्या फोडी मी पोतडीभर घेऊन ठेवतो. मूठभर रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या. गूळ-मीठ घातलं की रंग मळकट दिसतो, पण आंबटपणा एकदम खणखणीत. वीज गेली, फ्रिज बंद पडला तरी अडत नाही. कैरी संपल्यावरही चालतं.

भुसावळ लाइनीवरून

आमची सुटलेली नाही, खोटं कशाला लिहू. घरातले सगळे लिंबू सरबत पितात, पण पाहुणा आला की सासूबाईंना बाटलीच लागते. मागे एका सोयऱ्यांना पन्हं दिलं तर "घाई झाली वाटतं तुमची" म्हणाले. म्हणजे काय, दोन तास खपून केलेलं पन्हं ही घाई आणि झाकण फिरवलं तो पाहुणचार! माझी सवय मी बदलेन, सोयऱ्यांची कोण बदलणार?

शिरपूरकर

@भुसावळ, टरबूज करून बघा. रंगामुळे तरी पाहुणे गप्प बसतात. मिक्सर नुसता दोन झटके फिरवायचा, बिया फुटल्या की चव बिघडते. गाळून लिंबू आणि मीठ घाला, साखर अजिबात नको. पण पाहुणे दारात आल्यावरच करा, ठेवलं की वर पाणी आणि खाली चोथा होतो.

धागाकर्ती

@भुसावळ, सोयऱ्यांचं दुखणं घरोघरी आहे, त्यावर वेगळा धागा काढू या. बेलफळाचं कुणी करतं का? मागच्या वाड्यात झाड आहे, फळं नुसती पडून जातात.

धडगावचा मास्तर

करतो की. पिकलेलं घ्या, दगडावर आपटून फोडा, गर पाण्यात तासभर भिजवून हातानेच कुस्करा. मिक्सर नको, बियांभोवती चिकट डिंक असतो आणि बी फुटलं की कडू होतं. जाड गाळणी घ्या, बारीक जाळीतून ते उतरत नाही.