शब्दचर्चा: ‘डिव्हाइस आयडी’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मसुदेकरी
कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एका ॲपची गोपनीयता सूचना मराठीत करायची आहे. दुकान महाद्वार रोडला, गिऱ्हाईक कागल-शिरोळपासून पुण्यापर्यंत. ‘डिव्हाइस आयडी’ला, म्हणजे ज्यावरून ॲप फोन ओळखतं त्या खुणेला, आधीच्या मसुद्यात जागोजागी ‘उपकरण अभिज्ञापक’ असं लिहिलेलं आहे. दुकानदारांचं म्हणणं, हे वाचून गिऱ्हाईक पळून जाईल. ‘मोबाइलचा ओळख क्रमांक’ चालेल का? ‘ट्रॅकिंग’, ‘रीसेट’ आणि ‘कन्सेंट’ यांनाही चारचौघांना कळतील असे शब्द हवे आहेत.

शिरोली नाका
‘मोबाइलचा ओळख क्रमांक’ अजिबात नको. *#०६# दाबल्यावर दिसतो तो आयएमईआय, असंच लोक समजणार. तो १५ अंकी असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात, फोन फॅक्टरी रीसेट केला तरी बदलत नाही. तुमचं ॲप तो वाचतच नाही. अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला तो वाचताच येत नाही. म्हणजे जे घेत नाही ते घेतो असं सूचनेत लिहिल्यासारखं होईल.

खरी गोम अशी की ‘डिव्हाइस आयडी’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. त्या कोण बदलू शकतं यावरून नावं पाडा, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

पहिली, फोनची पक्की ओळख: आयएमईआय, सिरियल नंबर, आयफोनचा यूडीआयडी. ही मालकालाही बदलता येत नाही. यूडीआयडी वाचणारी ॲप्स ॲपलने १ मे २०१३ पासून घेणं बंद केलं, तेव्हा ग्राहकाच्या सूचनेत त्याला जागाच नाही. त्याचं काम चाचणीपुरतं.

दुसरी, जाहिरात आयडी. अँड्रॉइडवर गूगलचा, आयफोनवर ॲपलचा आयडीएफए. दोन्ही ३६ चिन्हांचे: ८-४-४-४-१२ असे गट आणि मध्ये चार आडव्या रेघा. यात अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही येतात, आणि क्रम तर कसलाच नसतो. म्हणून ‘क्रमांक’ इथं तसाही बसत नाही. हा आयडी मालकाच्या हातातला.

तिसरी, ॲपपुरती ओळख. अँड्रॉइड आयडी आणि आयफोनचा आयडीएफव्ही. अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइड आयडी हा फोन, फोनवरचा वापरकर्ता आणि ॲपची सही करायची किल्ली (ॲप कुणी बांधलं याची डिजिटल खूण उमटवणारी) या तिन्हींवर ठरतो. एकाच फोनवर दोन कंपन्यांच्या ॲपना तो वेगवेगळा दिसतो. आयडीएफव्ही एका विक्रेत्याच्या, म्हणजे ॲप काढणाऱ्या एका कंपनीच्या, सगळ्या ॲपना सारखा मिळतो. त्याचं शेवटचं ॲपही काढून टाकलं आणि मग परत घेतलं, की नवा.

बिंदू चौक
आणि कृपा करून ‘ॲड आयडी’ लिहू नका. आपल्याकडं ‘ॲड.’ म्हणजे वकीलसाहेब, आणि बटणावर ‘ॲड’ म्हणजे ‘जोडा’. ‘ॲड आयडी’ वाचून लोक आयडी जोडायला बसतील. ‘जाहिरात आयडी’ सरळ आहे की.

मसुदेकरी
मान्य. मग ‘ट्रॅकिंग’ तसंच ठेवू? तो शब्द तर सगळ्यांना माहीत आहे.

शिरोली नाका
माहीत आहे, पण दुसऱ्या अर्थानं! खरेदीच्या ॲपमध्ये ‘ट्रॅकिंग’ म्हणजे पार्सल कुठं पोचलं ते बघणं. ‘ट्रॅकिंगला परवानगी द्यायची का?’ असं विचारलं तर नको म्हटल्यावर आपलं पार्सल दिसणार नाही, या भीतीनं लोक हो म्हणतील. अशी घेतलेली संमती समजून दिलेली कशी म्हणायची?

ॲपलची व्याख्या अरुंद आहे. तुमच्या ॲपमधली माहिती दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप-वेबसाइटवरच्या माहितीशी जाहिरातीसाठी किंवा जाहिरातीचा परिणाम मोजण्यासाठी जोडली, किंवा माहिती विकणाऱ्या दलालाला दिली, तर ते ट्रॅकिंग. आपल्याच ॲपमध्ये कोणती चप्पल किती जणांनी पाहिली हे मोजणं त्यात येत नाही. मी ‘इतर ॲपमध्ये तुमचा माग काढणे’ असं लिहीन.

यंत्रमाग
नुसतं ‘माग’ लिहिलं तर इचलकरंजीत वेगळाच खडखडाट ऐकू येईल. ‘माग काढणे’ हे क्रियापद सोडू नका. ‘पाळत ठेवणे’ मात्र टाळा, त्यात पोलिसी वास आहे आणि इथं तसं काही होत नाही.

तसंच ‘फिंगरप्रिंटिंग’. मसुद्यात त्याचं ‘बोटांचे ठसे घेणे’ झालं असेल तर आधी ते खोडा. फोन उघडायला आपण बोट लावतो, त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. पडद्याचा आकार, भाषा, वेळेचा पट्टा, सिस्टिमची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून फोन ओळखायचा प्रकार तो. ‘ठेवणीवरून फोन ओळखणे’ म्हणा. ॲपलला तो चालत नाही, गिऱ्हाइकानं परवानगी दिली असली तरी.

मसुदेकरी
‘परवानगी’ आणि ‘संमती’ यांत फरक करायचा का? मला दोन्ही एकच वाटतात.

कसबा बावडा
फरक करायलाच हवा. परवानगी ही सिस्टिमची. अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य धरून बांधलेल्या ॲपनं मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) जाहिरात आयडीची परवानगी लिहिली नाही, तर आयडीऐवजी नुसती शून्यं मिळतात. पण ही परवानगी ॲप बसवतानाच आपोआप मिळते, गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही. म्हणजे मॅनिफेस्टमध्ये ती आहे म्हणून कायद्याची संमती मिळाली, असं होत नाही.

संमती माणूस देतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होतात. संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिक केलेली चौकट चालत नाही. जितक्या सहज दिली तितक्या सहज मागं घेता आली पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, त्यात मराठी आली. आणि १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. शाळेच्या चपला-बुटांचा विभाग असेल तर तिथं विशेष जपा.

अजून एक जोडी: ‘निनावी’ आणि ‘टोपणनावी’. जाहिरात आयडी शा-२५६ नं हॅश केला, म्हणजे ठरलेल्या गणिती रीतीनं त्याचा न उलगडणारा सांकेतिक मजकूर केला, की माहिती ‘निनावी’ झाली असं मसुद्यात लिहिण्याची खोड फार जणांना असते. पेठेत ‘बाळू’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं, तसंच हे. त्याच आयडीचा हॅश दर वेळी तोच येतो, म्हणून दोन याद्या जुळवता येतात. जुळवण्यासाठीच तर तो करतात! ‘टोपणनावी’ लिहा.

टेस्टिंगवाली
हॅशवरून आठवलं. आयडीएफए मोठ्या लिपीत येतो, गूगलचा छोट्या. यादी करताना लिपी एकसारखी केली नाही तर तोच आयडी असूनही हॅश वेगळा येतोय, आणि मग सगळे म्हणत बसतात जुळणी का कमी. एक्सेलमध्ये उघडायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. अँड्रॉइड आयडी १६ चिन्हांचा असतो; सगळे अंकच आले तर एक्सेल शेवटचा अंक शून्य करून टाकतंय, आणि अंकांत एकच ‘ई’ आला तर त्याला घातांक समजतंय.

‘रीसेट’बद्दल: गिऱ्हाईक त्याला फोटो उडवणारं रीसेट समजतंय. ‘बदलून घ्या’ म्हणा. आणि ‘पुसून टाका’ हे त्याहून वेगळं. बदलला की नवा आयडी येतो. पुसला की ३२ शून्यं येतात. डेटाबेसनं शून्यं हाही आयडी मानला तर पुसणारे सगळे मिळून एकच भलंमोठं गिऱ्हाईक तयार होतंय! शून्यं आली की ‘आयडी नाही’ अशी नोंद करायची, आणि जुना आयडी अँड्रॉइड आयडीवरून शोधून परत चिकटवायचा नाही. गूगल प्लेच्या धोरणात ते बसत नाही.

चाचणीत नेहमी फसतंय ते असं. अँड्रॉइड आयडी सहीच्या किल्लीवर असल्यानं डीबग बिल्डवरचा (चाचणीसाठी बांधलेल्या ॲपमधला) आणि प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमधला वेगळा येणारच, तो बग नव्हे. जाहिराती तपासताना ॲडमॉबनं (ॲपमध्ये जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेनं) लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या तांत्रिक नोंदींत, छापलेली ३२ चिन्हांची खूण चाचणीच्या फोनांच्या यादीत घाला, नाहीतर खऱ्या जाहिरातींवर आपलीच बोटं पडून खातं अडचणीत येतंय. या खुणेला ‘जाहिरात आयडी’ म्हणू नका, ‘चाचणी खूण’ म्हणा.

आयफोनवर ट्रॅकिंगच्या परवानगीचा चौकोन एकदाच येतो. परत बघायचा तर ॲप काढून पुन्हा बसवायचं. तरी आला नाही तर सेटिंगमध्ये ‘गोपनीयता व सुरक्षा’खाली ट्रॅकिंगचं मुख्य बटण बंद आहे का बघा. ॲप पूर्ण उघडायच्या आत विचारलं तरी तो येत नाही. सिम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली आयफोनवर) ‘हो’ दाबलं तरी आयडीएफएच्या जागी शून्यंच, म्हणून खरा फोन घ्या. बाहेरच्या टेस्टरांना टेस्टफ्लाइटवरून (चाचणीची ॲप्स वाटायच्या ॲपलच्या सेवेवरून) ॲप द्यायचं असेल तर यूडीआयडी मागायची गरजच नाही. थेट बसवायचं असेल तरच नोंदवा. वर्षाला १०० आयफोनांची मर्यादा आहे, आणि यादीतून फोन काढून टाकला तरी जागा लगेच मोकळी होत नाही.

मसुदेकरी
सगळं धरून असं केलंय, बघा:

‘तुमच्या मोबाइलला जाहिरातींसाठी एक आयडी असतो. तुम्ही हो म्हणालात, तर आमची कोणती जाहिरात पाहून तुम्ही आलात हे आम्ही त्यावरून पाहू. नाही म्हणालात तरी ऑर्डर, पैसे परत मिळणं आणि पार्सल कुठं पोचलं ते दिसणं, सगळं तसंच चालेल. हा आयडी मोबाइलच्या सेटिंगमधून कधीही बदलून घेता येतो किंवा पुसून टाकता येतो.’

कसबा बावडा
भाषा झकास. पण संमती मागं कशी घ्यायची आणि डेटा संरक्षण मंडळाकडं तक्रार कशी करायची, या दोन ओळी राहिल्यात. सूचनेत त्या लागतात.

टेस्टिंगवाली
आणि शेवटचं वाक्य फक्त अँड्रॉइडला खरं आहे. आयफोनवर ‘पुसून टाका’ नसतंय, तिथं ट्रॅकिंगच्या यादीत आपल्या ॲपसमोरचं बटण बंद करायचं असतंय. दोन्हीकडं एकच मजकूर डकवू नका. शिवाय ॲपलच्या चौकोनातला प्रश्न ॲपलचा, आपल्याला खालचं कारणाचं वाक्य तेवढं लिहिता येतं. ते लिहायचं राहिलं तर विचारायच्या क्षणी ॲप बंद पडतंय. तिथं पहिली दोन वाक्यं पुरेत. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर ठेवून एकदा तपासा, नाहीतर मराठी मजकूर पडद्यावर न येताच पास होऊन जाईल.

मसुदेकरी
आयफोनसाठी वेगळी ओळ करतो, आणि ‘अभिज्ञापक’ काढला.