फोडणीआधी छोट्या वाट्या मांडून ठेवाव्यात का?

वरणफळ:
गॅस पेटवण्याआधी सगळे जिन्नस चिरून, मोजून छोट्या वाट्यांत काढून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. फोडणी कुणासाठी थांबत नाही. मोहरी तडतडली की हिंग, हळद आणि पुढचा जिन्नस काही सेकंदांत पडायला हवा. तेवढ्यात मिरच्या चिरायला घेतल्या तर मोहरी जळून कडवट होते. तिखट तर त्याहून लवकर करपतं. कांदेपोह्यांचंच बघा. तिकडे भिजवलेले पोहे घट्ट होत असतात आणि इकडे आपण कढीपत्ता निवडत बसलेलो असतो.

आता वाट्या कोणत्या, तर पसरट, जड बुडाच्या, स्टीलच्या. जेवणातली वाटी साधारण १५० मिलिची असते. चहाचा चमचा ५ मिलिचा. एवढ्या मोठ्या वाटीत चमचाभर हळद घेतली की निम्मी तिच्या अंगालाच लागून राहते. मसाल्याला ५०-६० मिलिची वाटी पुरते, चिरलेल्या कांद्याला मात्र मोठा वाडगाच हवा. सगळ्या एकाच मापाच्या घेऊ नका. काठ बाहेर वळलेला असेल तर ओल्या हातातही वाटी नीट धरता येते.

ज्वारीची_भाकरी:
अजिबात पटलं नाही. मिसळणाचा डबा कशासाठी असतो मग? सात वाट्या, एक चमचा, सगळं हाताशी. हळद आधी डब्यातून वाटीत आणि मग वाटीतून कढईत, यात साधलं काय? रोजच्या स्वयंपाकाला हात बसलेला असतो, चिमटीचा अंदाज कधी चुकत नाही.

आणि भांडी कोण घासणार? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. एका भाजीपायी सहा वाट्या जास्तीच्या विसळायच्या म्हणजे त्या पाण्याचा विचार करावाच लागतो. चिरलेलं सगळं एका ताटात वेगवेगळे ढीग करून ठेवावं. एक ताट घासलं की काम झालं.

वरणफळ:
पाण्याचा मुद्दा खरा आहे, ताटही मान्य. पण मिसळणाच्या डब्याबद्दल वाद घालणारच. उघडा डबा वाफाळत्या कढईशेजारी ठेवून ओल्या हाताने चमचा घातला की तिखटाच्या गुठळ्या होतात, हिंगाचा वासही उतरतो. शिवाय प्रत्येक जिन्नसाला वेगळी वाटी लागतच नाही. जे एकत्र पडतं ते एकाच वाटीत घ्या. मोहरी-जिरे एका वाटीत, हिंग-हळद दुसऱ्या, मिरची-कढीपत्ता तिसऱ्या. कढीपत्ता पुसून कोरडा मात्र करा, नाहीतर तेल उडतं. पोह्यांची फोडणी तीन वाट्यांत होते. कोरड्या मसाल्याची वाटी नुसती विसळली तरी चालते.

काचेची_बरणी:
स्टीलला माझा विरोध. काचेच्या वाटीत काय आहे ते बाजूनेही दिसतं, मायक्रोवेव्हमध्ये चालते, आणि चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ यांचा धातूशी संबंधच येत नाही.

खापरोळी:
चिंच-कोकमाला चांगलं स्टील चालतं हो. जपायचं ते ॲल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला. तेलकट हातांनी ग्रॅनाइटच्या ओट्यावर काचेच्या वाट्या हाताळायच्या म्हणजे एक तरी फुटणारच, आणि तिची कच कोथिंबिरीत गेली तर ती आख्खी जुडी टाकून द्यावी लागते. प्लास्टिक तर नकोच. हळदीचा डाग बसतो (उन्हात ठेवला की बराच फिका पडतो, हे खरं), लसणाचा वासही जात नाही.

आम्हा मासे खाणाऱ्यांसाठी एक सांगते. कच्च्या मासळीचं भांडं वेगळंच हवं. तेच नुसतं विसळून त्यात वरून पेरायचं खोबरं-कोथिंबीर काढायची, हे करूच नका.

म्युनिकचा_पुणेकर:
माझं मत वाट्यांच्या बाजूने. इथे घरात गॅस नाही, काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी आहे. बंद केली तरी तिचा ताव लगेच उतरत नाही. गॅसवर ज्योत झटकन बारीक करून तिखट वाचवता येतं, इथे कढईच उचलून बाजूला घ्यावी लागते. सगळं आधी काढून ठेवल्याशिवाय मी तेल तापवतच नाही.

ज्वारीची_भाकरी:
तुमच्या शेगडीला ते लागत असेल. आमच्या गॅसवर नाही.

आजीचा_नातू:
एक बाजू कुणी मांडलीच नाही. आजीला आता नीट दिसत नाही, पण स्वयंपाक तिलाच करायचा असतो. मी वाट्या भरून, पडायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडून देतो. मीठ घातलं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. वाटी रिकामी म्हणजे मीठ पडलं. नव्याने शिकणाऱ्यालाही हेच उपयोगी पडतं. हात बसलेल्यांनी 'चिमटीचा अंदाज' म्हणताना, ज्यांचा हात अजून बसलेला नाही किंवा आता थरथरतो, त्यांचाही विचार करावा.

वरणफळ:
नातवाला शंभर टक्के अनुमोदन. या कामासाठी तर बूड सपाटच हवं. घेताना रिकामी वाटी ओट्यावर ठेवून काठावर बोट दाबून बघा. कलंडली तर घेऊ नका. संक्रांतीच्या वाणात येणाऱ्या पातळ वाट्या इथेच कमी पडतात.

ज्वारीची_भाकरी:
आजीचं पटलं, तिथे वाट्या हव्यातच. पण वाणाच्या वाट्यांना नावं ठेवू नका. घराघरांत त्या पडून आहेत, त्या ताटात ठेवल्या की कलंडत नाहीत. नवीन काही विकत आणायची गरज नाही. आणि माझ्या रोजच्या मेथीच्या भाजीला मी मिसळणाचा डबाच उघडणार, हात कोरडा करून.