डिलिव्हरीवाल्या पोरांना माथाडी बोर्ड का नको?

कोपरखैरणेकर

आमच्या सेक्टरात तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र करून एका अ‍ॅपचं गोदाम झालंय. आत गिऱ्हाईक जात नाही, नुसत्या पिशव्या बाहेर येतात. फुटपाथवर पोरं मोबाइलकडे डोळे लावून बसलेली असतात. गाव विचारलं की बऱ्याच जणांचं साताऱ्याकडचं पाटण, नाहीतर जावळी. म्हणजे एपीएमसीत, घाऊक बाजारात, पाठीवर गोणी वाहून ज्यांनी इथे घरं केली, त्यांचीच नातवंडं.

आजोबाला जे १९६९ च्या माथाडी, म्हणजे हमालांसाठीच्या कायद्याने मिळालं, ते नातवाला नाही. अण्णासाहेब पाटलांनी लढून आणलेल्या त्या कायद्याची गंमत बघा. हमालाला एक मालक नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. त्यामुळे मालक कोण, या वादात कायदा शिरलाच नाही. टोळीची नोंद बोर्डाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर टक्केवारीने लेव्ही बोर्डात भरायची, आणि बोर्डाने त्यातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. अ‍ॅपवाले म्हणतात, ही पोरं आमची नोकर नाहीत, पार्टनर आहेत. बरं, नसू देत. हमाल तरी कुठे कुणाचा नोकर होता?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा अ‍ॅपवगैरेंवर काम करणाऱ्यांचा आकडा २०२०-२१ साठी ७७ लाख धरलाय आणि २०२९-३० पर्यंत तो २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. तेव्हा हा चार पोरांच्या पॉकेटमनीचा प्रश्न नाही. यांना माथाडीसारखं बोर्ड लावा, एवढंच म्हणणं आहे.

वागळे_वर्कशॉप

साफ असहमत. माझं युनिट वागळे इस्टेटला, राज्यातल्या एमआयडीसीची सुरुवात झाली तिथे. आमच्याकडे हाताच्या लेथवर आठ टर्नर होते. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, घेतली तेव्हा सगळे म्हणाले, पोटावर पाय आणला. चौघं सोडून गेले, खरं आहे. पण मशीन घेतलं नसतं तर पुण्याच्या पार्टीने ऑर्डर काढून घेतली असती आणि आठही जण घरी बसले असते. नववा मी. आज माझ्याकडे प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा आहे, तो जुन्या टर्नरपेक्षा जास्त घेतो.

आणि माथाडीचं कौतुक गाळ्यात न बसणाऱ्यांनी करावं. माझा माल माझीच माणसं उतरवतात, तरी कुणीतरी येऊन उभा राहतो: आमचे पैसे द्या. या बोगस माथाडींसाठी सरकारला २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आणावं लागलं. तेच अ‍ॅपला लावा. तीनशेच्या किराण्यावर चाळीस रुपये जादा कोण देणार? ऑर्डरी आटतील आणि तुमच्या पाटणच्या पोरांचंच काम जाईल.

ठाण्याचा_टोणगा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी मागवणारे हात वर करा आधी.

निवृत्त_कॅशियर

वर्कशॉपवाले साहेब, मशीन आलं हे ठीक, पण कुणाला विचारून आलं? बँकेत संगणकाला आमच्या संघटनांचा विरोध होता, त्यावर अजून विनोद होतात. पण त्याच विरोधातून १९८३ चा करार झाला. कोणती यंत्रं, किती, चालवणाऱ्याला भत्ता काय, हे कागदावर आलं. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल त्यानंतरचा, १९८४ चा. संगणक थांबला नाही, थांबायलाही नको होता. फक्त तो आमच्याशी बोलून आला. तुमच्याकडच्या त्या चौघांशी कोण बोललं?

मात्र कोपरखैरणेकर, तुम्हालाही एक सांगतो. करार आतल्या माणसांना मिळाला. आज बँकेसाठी कार्डं विकणारी, वसुलीला जाणारी पोरं कंत्राटावर आहेत, आणि आमच्या युनियनने त्यांची दारं कधी ठोठावली नाहीत. बोर्डाचंही तेच झालं तर?

सुमेधा_ऐरोली

सगळी चर्चा गोणी आणि पिशवीवर चाललीये. मी ऐरोलीत चॅट सपोर्टला आहे, आमच्याकडे काय झालं ते ऐका. आधी 'पासवर्ड विसरले', 'बिल पुन्हा पाठवा' असल्या चॅट मध्ये मध्ये यायच्या, तेवढाच जीव खाली पडायचा. आता त्या सगळ्या बॉट घेतो. आमच्यापर्यंत पोचतो तो बॉटशी वीस मिनिटं भांडून लालबुंद झालेला माणूस. एकामागून एक तसेच. पण तासाला किती चॅट संपवायच्या, ते टार्गेट जुनंच, सोप्या चॅट धरून ठरवलेलं. नोकरी गेली नाही, पगार कमी झाला नाही. कुठल्याही आकडेवारीत हे दिसणार नाही.

आणि ठाणे-बेलापूर रोडने जाऊन बघा. महापे-रबाळेत डेटा सेंटर उभी राहतायत. इमारत केवढी, वीज किती खाते, पण शिफ्ट सुटताना गेटवर चहावाल्याला पुरतील एवढीही माणसं नाहीत. २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मोकिर, अगियों आणि हॉविट यांना मिळालं, नव्या तंत्राने वाढ कशी होते या कामासाठी. जुनं मोडून नवं येतं, हे त्यांचं म्हणणं पटतं मला. पण मोडतं रबाळेत आणि नवं उगवतं बंगळुरात, तर रबाळेच्या माणसाने काय करायचं? त्याला बोर्ड काय देणार, कोपरखैरणेकर?

मापाड्याचा_लेक

बोर्ड काय देतं ते मी सांगतो. वडील कांदा-बटाटा मार्केटला मापाडी. जुना काटा असताना वजन करणं हा हाताचा खेळ होता. पारडं थरथरत असतानाच ते आकडा पुकारायचे आणि व्यापारी, शेतकरी दोघंही मानायचे, कारण माणूस ओळखीचा. इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि व्यापारी म्हणायला लागला, आकडा मलाही दिसतो, तोलाई कशाची? बरोबरच होतं त्याचं. काट्याने शेतकऱ्याचंही भलंच झालं, मापात मारायची सोय गेली.

काम कमी होत गेलं, पण वडील हात हलवत घरी आले नाहीत. पीएफ होता, ग्रॅच्युइटी मिळाली, त्यात बहिणीचं शिक्षण झालं. माझा चुलतभाऊ अ‍ॅपवर गाडी चालवतो. मागच्या पावसात घसरून पाय मोडला, तर आधी आयडी बंद झाला, मग प्लास्टर निघालं.

कोपरखैरणेकर

वर्कशॉपवाले, बोगसचा मुद्दा मान्य, डोळ्यांनी पाहिलंय. पण बोगस का माजतं? उचललं कुणी, याची नोंद नसते म्हणून. इथे तर प्रत्येक फेरी, माणूस, मिनिट, सगळं मोबाइलमध्ये. न उचलता पैसे मागणारा टिकणारच नाही. जे तंत्र पोरांना पळवतं, तेच लेव्ही मोजेल.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तीत कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत, निधीत भरायचे आहेत. चांगलंय. पण फेरीचा दर कोण ठरवणार, त्यावर तिथे काही नाही. माथाडी बोर्डात कामगार, मालक आणि सरकार एका टेबलावर बसतात. पन्नास किलोच्या वरची गोणी उचलणार नाही, हे मार्केटमध्ये ठणकावून सांगता आलं ते मागे संघटना आणि बोर्ड होतं म्हणून. दहा मिनिटांच्या घड्याळावर पळणार नाही, हे कुणाला सांगायचं?

सुमेधाताई, तुमच्या टार्गेटला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथेही प्रश्न आकडा कोण ठरवतो हाच आहे ना?

वागळे_वर्कशॉप

विमा आणि पीएफ घ्या, माझी हरकत नाही. मोडलेल्या पायाचं वाचून मीही गप्प बसणार नाही. दर मात्र बोर्डाने ठरवायचा नाही. एकदा दर टेबलावर आला की टेबलाभोवती पुढारी आलेच. आणि ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर आहे, ती बोर्डाला उघडून कोण दाखवणार?

सुमेधा_ऐरोली

नोंद उघडायची सक्ती हीच पहिली मागणी करा मग. दराचं भांडण नंतर. आमचं टार्गेट कशावरून निघतं तेही त्यात टाका, सही मी पहिली करते.