ओलसर चॉकलेट लेअर केक: प्रमाण, ओव्हन आणि फ्रॉस्टिंगचे अनुभव

थरांचा चॉकलेट केक घरी करणाऱ्यांनी आपलं प्रमाण आणि तो का फसतो, ते इथे लिहावं. मापं शक्यतो ग्रॅममध्ये द्या. प्रत्येकाचा कप वेगळा असतो.

*

8 इंची दोन टिनांसाठी मैदा 200 ग्रॅम, साखर 300, कोको 60, सोडा दीड छोटा चमचा, बेकिंग पावडर 1, मीठ अर्धा. ओल्यात 2 अंडी, 200 मिली घट्ट ताक, 120 मिली बिनवासाचं तेल. कोरडं चाळूनच घ्या, कोकोच्या गुठळ्या नंतर मोडत नाहीत. शेवटी 200 मिली कडकडीत कॉफी. मिश्रण पार पळीवाढं होतं. ते बघून मैदा वाढवला की केक कोरडा झालाच म्हणून समजा! 175 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. सुईला दोन-चार ओलसर कण चिकटत असतानाच बाहेर काढा.

*

घरचं पाणीदार ताक इथे चालत नाही. त्यापेक्षा 150 ग्रॅम दही 50 मिली पाण्यात घुसळा. सोड्याला आंबटपणा लागतो. डच कोको (आंबटपणा काढलेला कोको) आणि नुसतं दूध घेतलं तर साबणासारखी चव येते. बिनअंड्याचा हवा असेल तर आणखी 100 ग्रॅम दही घाला. तो थोडा ठिसूळ होतो, गार केल्याशिवाय कापू नका.

*

लहान ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरचा रॉड फार जवळ असतो, म्हणून घुमट येऊन चीर पडते. प्रीहीट दोन्ही रॉडवर, मग फक्त खालचा.

*

गनाशसाठी, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या फ्रॉस्टिंगसाठी, डार्क चॉकलेट 300 ग्रॅम, क्रीम 200. अमूल फ्रेश क्रीममध्ये 25 टक्केच फॅट असतं, उकळलं तर फाटतं. कडेला बुडबुडे दिसले की बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं झाका, मग मधून बाहेर ढवळा. तेल सुटलंच तर चमचाभर कोमट दूध घालून घोटा. पीनट बटरइतकं आळलं की लावायला घ्या. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं. उन्हाळ्यात ते तग धरतं, पण टाळूला चिकटतं. चवीसाठी खरं चॉकलेटच घ्यावं.

*

थर रचताना घाई नडते. कोमट केकवर गनाश वितळतं आणि वरचा थर घसरतो. थर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग दात्यांच्या सुरीने घुमट कापा. बोर्डवर गनाशचा ठिपका, त्यावर पहिला थर. वरचा थर उलटा ठेवा: तळाची सपाट बाजू वर येते, कडा काटकोनात बसतात, चुराही कमी सुटतो. आधी पातळ हात फिरवून अर्धा तास फ्रिज, मग जाड थर. साखरपाणी या केकला लागत नाही. शिंपडलं तर मधला भाग लगदा होतो.

*

वाढण्याआधी तासभर बाहेर काढा. तेलामुळे केक गारही मऊ राहतो, गनाश मात्र दगड झालेलं असतं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला.